कळतं, पण वळत नाही

दरवर्षी पुण्या-मुंबईतले कितीतरी नोकरदार रजा टाकून वारीला निघतात. आळंदी ते पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. दिवे घाटाचा चढ, कधी पाऊस तर कधी ऊन, तंबूतली अर्धीमुर्धी झोप, पायाला आलेले फोड. यातलं काहीच त्यांना अडवत नाही. आषाढी एकादशी होते, मंडळी एसटीने घरी येतात, आणि महिना उलटायच्या आत बऱ्याच जणांचं सकाळचं अर्ध्या तासाचं फिरणंही सुटतं. का सुटलं विचारावं तर कारणं तयार असतात. पाऊस होता, झोपायला उशीर झाला, गुडघा धरला, घरी पाहुणे आले.

ही कारणं खोटी नसतात. पण त्यांच्यामागे एक फार जुना प्रश्न उभा आहे. जे आपल्या हिताचं आहे हे पक्कं ठाऊक असतं, तेच माणसाच्या हातून का होत नाही? प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की असं घडतच नाही. ज्याला खरोखर कळलं तो तसाच वागेल. वागत नसेल तर त्याला कळलेलं नाही. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही, कारण लोक समजून-उमजून उलट वागताना रोज दिसतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हेच विचारतो: मनात नसताना, कुणी बळेच ओढून न्यावं तसा माणूस नको ते का करतो?

या प्रश्नाची सर्वांत उपयोगी उकल मात्र एका वैद्यकग्रंथात सापडते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात ‘प्रज्ञापराध’ हे रोगाचं मोठं कारण मानलं आहे, आणि हा अपराध तीन ठिकाणी घडू शकतो: धी, धृती आणि स्मृती. धी म्हणजे हित-अहित ओळखणं. धृती म्हणजे मनाला आवर घालून धरून ठेवणं. स्मृती म्हणजे जे जाणलं ते ऐन वेळी आठवणं. व्यायाम चुकवणाऱ्याची धी बहुधा शाबूत असते. मधुमेहाचा रिपोर्ट हातात आहे, रोज चाला असं डॉक्टरांनी बजावलं आहे, स्वतःलाही ते मान्य आहे. रात्री साडेबारापर्यंत मालिकेचा पुढचा भाग बघताना, सकाळी दुसरा मजला चढताना लागलेली धाप आठवत नाही, तिथे स्मृती सुटते. साडेपाचला गजर वाजतो, पांघरुणातून हात बाहेर येतो, मोबाइलवर बोट फिरतं आणि पुन्हा शांतता; तिथे धृती सुटते. लोक मात्र या दोन्ही वेळी धीलाच खुराक देतात. आणखी एक व्हिडिओ, आणखी एक लेख, आणखी एक तज्ज्ञ.

पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिला आहे व्याधी. मग मनाचं जडत्व, मग संशय, मग बेफिकिरी, आणि आळस थेट पाचवा. हे सारं तो समाधीच्या वाटेबद्दल सांगतो, वजन उतरवण्याबद्दल नाही, हे खरं. तरीही रोजचा कुठलाही अभ्यास कुठे मोडतो याचा असा बारीक तपशील दुसरीकडे क्वचितच मिळेल. महिन्याभरात दहा किलो उतरतील या कल्पनेला तो भ्रांतिदर्शन म्हणेल. दोन महिने घाम गाळूनही काटा हलत नाही, हा आठवा अंतराय: भूमी, म्हणजे पुढचा टप्पा, न मिळणं. मिळालेली भूमी टिकत नाही, तो नववा. नऊमधला एक आळस, आणि आपल्याकडे सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं.

हा अन्याय बायकांच्या वाट्याला अधिक येतो. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर बायकांत ५७. जिची सकाळ पाणी भरणं, डबे आणि मुलांची शाळा यांत जाते, आणि रात्री जिच्या गल्लीत दिवा नसतो, तिच्या धृतीत खोट काढणं चूक आहे. तिच्याकडे कमी आहे तो वेळ आणि सुरक्षित रस्ता.

आणि धृती टिकते कशी, याचं उत्तर वारीत मिळतं. दिंडीत ‘आज चालायचं का?’ हा प्रश्न रोज सकाळी नव्याने सोडवावा लागत नाही. मुक्काम ठरलेला, निघायची वेळ ठरलेली, आपली जागा ठरलेली, आणि बाजूचा माउली चालतोच आहे. धृतीचा भार एकट्याच्या छातीवर राहत नाही, तो सगळ्यांत वाटला जातो. कोल्हापूरच्या तालमींतही तेच घडतं. ताक, हळद, तेल घालून मळलेली लाल माती, भिंतीवर मारुती, पहाटेच्या अंधारात सुरू झालेल्या जोर-बैठका. पोरगं आलं नाही तर वस्ताद विचारतो, ‘काल कुठं होतास रं?’ पैसे भरून घेतलेल्या जिमच्या सभासदत्वात हा विचारणारा माणूस नसतो. निश्चयाला आपण फार एकाकी करून टाकलं आहे, आणि तो मोडला की मोडणाऱ्याला दुबळा ठरवतो.

मोडल्यानंतरचं काय, हाही धर्मचिंतनाचाच विषय आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाला नेमकी हीच धास्ती वाटते: श्रद्धा आहे पण प्रयत्न अर्ध्यावर ढासळला, असा माणूस विरलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? कृष्ण स्पष्ट नाही म्हणतो. केलेलं वाया जात नाही, आणि पूर्वीच्या अभ्यासाच्या बळावर माणूस पुन्हा पुढे सरकतो. चार दिवस चुकले म्हणून ‘आता पुढच्या एक तारखेपासून’ म्हणणाऱ्याने हा भाग जरूर वाचावा. शरीरही कृष्णाच्या बाजूने साक्ष देतं, कारण पूर्वी कमावलेले स्नायू खंडानंतर नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येतात. फक्त परतताना मागची भरपाई एका दिवसात करायची नसते. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने बलवान माणसालासुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहूनही कमी.