शाळेच्या वेळेत रस्त्यावर

पावसाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आम्हाला बावखलाच्या कठड्यावर गणवेशातला एक मुलगा बसलेला दिसला. दप्तर मांडीवर, चपला बाजूला काढलेल्या. शाळा केव्हाच भरली होती. आम्ही थांबलो आणि आपल्याकडे कुणीही मोठे माणूस विचारते तेच विचारले, "कोणाचा रे तू? शाळा नाही का आज?" त्याने मान खाली घातली. आम्हाला जे योग्य वाटले ते आम्ही केले, संध्याकाळी त्याच्या घरी निरोप पोचवला. त्या रात्री पोराने मार खाल्ला.

खरी हकिगत आम्हाला दोन दिवसांनी कळली. त्याची आई पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जाते. धाकट्या बहिणीची वेणी घालायची, तिला खाऊ घालायचे आणि बालवाडीत पोचवायचे हे काम त्याचे. त्यात उशीर झाला की शाळेचे फाटक बंद. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचे नाही, असा तिथला नियम. घरी जावे तर शेजारी विचारणार, म्हणून तो बावखलावर बसला होता.

शाळेच्या वेळेत मूल बाहेर दिसले तर चूक कोणाची धरायची, आणि त्याला अडवायचे ते कशासाठी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळतो आहे.

अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी या प्रश्नावर कायदाच केला. कॅलिफोर्नियातल्या मोनरोव्हिया या लहान शहराने १९९४ साली असा नियम केला की शाळेच्या वेळेत शाळकरी मूल विनाकारण सार्वजनिक जागी दिसले, तर पोलिसांनी त्याला अडवावे. या नियमाला तिथे दिवसाची संचारबंदी म्हणतात. त्याचा इतका बोलबाला झाला की १९९६ साली अध्यक्ष बिल क्लिंटन स्वतः मोनरोव्हियाला गेले आणि त्यांनी गावाचे कौतुक केले. लॉस एंजेलिसने १९९५ साली तसाच नियम केला. सकाळी साडेआठ ते दुपारी दीड या वेळेत अठरा वर्षांखालचे मूल रस्त्यावर, बागेत किंवा दुकानात दिसले की हातात चिठ्ठी. दंड २५० डॉलर, वर कोर्टाचा खर्च वेगळा.

हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. दुपारी मोकळी फिरणारी पोरे टोळ्यांच्या हाती लागतात, घरफोड्या होतात, कधी ती पोरेच कुणाचे तरी बळी ठरतात, ही भीती खरी होती. आपल्याकडेही सकाळी अकरा वाजता किनाऱ्यावर गुटख्याच्या पुड्या फोडत बसलेली गणवेशातली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करणे म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याचा मान राखणे, असे कुणी म्हणत असेल तर आम्हाला ते पटत नाही. ती निव्वळ आपली सोय आहे.

पण लॉस एंजेलिसमध्ये घडले ते पाहा. पोलिसांना मुले कुठे सापडणार? शाळेच्या आसपासच. बस चुकलेली, पाच-दहा मिनिटे उशिरा धावत निघालेली मुले फाटकाजवळच पकडली गेली. चिठ्ठी मिळालेल्या मुलाला कोर्टात हजर राहायचे म्हणजे शाळेचा आणखी एक दिवस बुडाला, आणि सोबत आईचा किंवा बापाचा रोज बुडाला. चिठ्ठ्या मिळाल्या त्या मुख्यतः गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना. शेवटी मुलेच हिशेब करू लागली की उशीर झाला तर रस्त्यात सापडण्यापेक्षा घरीच राहिलेले बरे. शाळेत आणण्यासाठी केलेला नियम मुलांना शाळेपासून दूर ठेवू लागला. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे दाद मागितल्यावर २०१२ साली नगर परिषदेने तो जबर दंड काढला आणि समुपदेशनावर भर दिला.

टेक्सासात याहून कडक होते. सहा महिन्यांत दहा दिवस विनापरवानगी गैरहजर राहणारे बारा वर्षांचे मूलही फौजदारी गुन्ह्याखाली कोर्टात उभे राहत असे, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत. एका वर्षात असे एक लाखाहून अधिक खटले तिथे चालले. २०१२ च्या मे महिन्यात सतरा वर्षांच्या एका हुशार मुलीला न्यायाधीशाने एक रात्र तुरुंगात ठेवले आणि १०० डॉलर दंड केला. आईबाप विभक्त झालेले, आणि ही मुलगी भावंडांच्या आधारासाठी दोन नोकऱ्या करून शिकत होती. गाजावाजा झाल्यावर तो निकाल मागे घेतला गेला. २०१५ साली टेक्सासने मुलांची गैरहजेरी फौजदारी गुन्ह्यांतून वगळली.

मग दंड मुलाला नको, पालकांना करावा? हे ऐकायला न्याय्य वाटते, पण पेनसिल्व्हेनियात २०१४ साली सात मुलांची आई मुलांच्या गैरहजेरीचे साठलेले दंड, सुमारे दोन हजार डॉलर, भरू शकली नाही म्हणून दोन दिवसांच्या कैदेत गेली आणि कोठडीतच मरण पावली. दोन वर्षांनी त्या राज्याने आपला कायदा बदलला. तिची ती मुले दुसऱ्या दिवशी शाळेत कशी गेली असतील, याचा विचार आम्ही करून पाहिला आणि पुढे करवला नाही.

सक्ती मुळातच वाईट, असा निष्कर्ष मात्र आम्हाला काढायचा नाही. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया लहान नव्हता. पण दंडाच्या जोडीला त्यांनी गावोगावी शाळा उघडल्या, फी काढून टाकली आणि आपल्या खजिन्यातून पैसा ओतला. मागणाऱ्याने आधी स्वतः दिले होते. त्याआधी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते १९१२ साली फेटाळले गेले.

आज आपल्या देशात २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण कर्तव्य चुकल्यास पालकांना शिक्षा लिहिलेली नाही. सक्ती आहे ती सरकारवर: मुलाला प्रवेश द्यायचा, त्याची हजेरी सांभाळायची, त्याचे शिक्षण पुरे करायचे. मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे याच कायद्याने बंद केले. आम्हाला ही मांडणी अमेरिकेतल्या दंडांपेक्षा शहाणपणाची वाटते. तिच्यात एक उणीव मात्र आहे. कुणालाच शिक्षा नाही म्हटल्यावर कुणी विचारायलाही जात नाही. हजेरीपटावर फुली पडते आणि प्रकरण तिथेच संपते.

विचारायचे कुणी, तर आपण. पूर्वी आपल्या गावांत पोलीस लागत नसे. वाडीतली कोणतीही मावशी कोणाच्याही पोराला थांबवून "कोणाचा रे तू?" असे विचारी आणि त्याच्या घराण्यासकट ओळख काढी. हल्ली इमारतींत राहायला गेल्यापासून आपण दुसऱ्याच्या मुलाला हटकायला कचरतो. ती मावशी परत यावी, असे आम्हाला मनापासून वाटते. पण खरे सांगायचे तर तिच्या विचारण्यातही पुष्कळदा दंडच असे. संध्याकाळी चुगली, रात्री मार. आम्हीही बावखलावर तेच केले. लॉस एंजेलिसच्या शिपायापेक्षा आमचे वागणे फार वेगळे नव्हते, फक्त आमच्याकडे चिठ्ठीपुस्तक नव्हते. त्याला आणखी एकच वाक्य विचारले असते, "उशीर का झाला बाळा?", आणि उत्तर मिळेपर्यंत तिथे बसलो असतो, तर त्याची बहीण आणि बंद फाटक दोन्ही आम्हाला त्याच सकाळी कळले असते. तेवढा वेळ आमच्यापाशी होता. बँकेत जायची घाई होती, एवढेच.

पुढे आमच्यातले दोघे शाळेत जाऊन भेटले. उशिरा येणाऱ्या मुलाला निदान पडवीत बसू द्यावे, अशी विनंती केली. विचार करू, असे उत्तर मिळाले. बहिणीला सकाळी बालवाडीत पोचवायची जबाबदारी वाडीतल्या एका आजींनी घेतली आहे, आठवड्यातले चार दिवस. पाचव्या दिवसाचे कुणाला जमत असेल तर रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला भेटावे.

मुलगा गेल्या आठवड्यात पुन्हा दिसला, पावणेनऊच्या सुमारास, दप्तर पाठीवर टाकून भराभर चाललेला. आम्ही हात केला. त्याने आम्हाला ओळखले आणि वळून मळ्यातल्या पाऊलवाटेने गेला. ती वाट शाळेकडेही जाते आणि बावखलाकडेही.