काचेतील समुद्राची राखण

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. सह्याद्रीच्या पूर्वेस, आंबेगाव तालुक्यात, समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत. या परिसराचा समुद्राशी संबंध आला तो मुंबईमुळे. बाबू गेनूंप्रमाणेच येथील अनेक तरुण पोटासाठी गिरण्यांत गेले आणि त्यांना भेटावयास जाणाऱ्या आप्तांना राणीच्या बागेबरोबर मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचेही दर्शन घडू लागले. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय २०१५ साली नवे रूप घेऊन उघडले व पुढे पुन्हा बंद झाले. मात्र तेथील काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलांचा एक प्रश्न मागे उरला आहे: हा मासा आपल्या घरी ठेवता येईल का?

आज याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. समुद्री मिठाचे तयार मिश्रण घरपोच मिळते; शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात ते विरघळविले की डोंगरांच्या आडही समुद्र तयार होतो. ठेवता येईल का, हा प्रश्न असा सुटला. ठेवावा का, हा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि त्याचा विचार आम्ही एका अगदी सामान्य यंत्राच्या आधारे करू इच्छितो.

खाऱ्या पाण्याच्या टाकीला जोडलेल्या या यंत्रास प्रोटीन स्किमर म्हणतात. त्याचे कार्य समजण्यास जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला फार दूर जावयास नको. गुऱ्हाळात काहिलीतील रस तापू लागला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालतात. मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमरमध्ये विस्तव नसतो, हवा असते. एका उभ्या नळकांड्यात पाणी आणि अतिशय बारीक बुडबुडे एकत्र घुसळले जातात. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, शरीरावरील बुळबुळीत स्राव यांतील प्रथिनांचे एक टोक पाण्याला धरून राहते, तर दुसरे पाण्यापासून पळू पाहते. म्हणून ती बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्याच्याबरोबर वर चढतात आणि फेस होऊन वरच्या वाटीत जमतात. ती पाण्यात कुजली असती तर आधी अमोनिया, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट तयार झाले असते. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात व हे काम नीट साधत नाही. खाऱ्या पाण्यात ते लहानच राहतात. पावसाळ्यात वसईच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर लोळणारे पिवळट फेसाचे पुंजके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी लाटांनी चालविलेला स्किमरच पाहिला आहे.

मात्र गुऱ्हाळाची उपमा एका ठिकाणी तुटते. गुळव्याचे काम संपते. गूळ उतरला, काहील धुतली, की तो मोकळा. टाकीपुढचा माणूस मोकळा होत नाही. समुद्र जे काम अहोरात्र, कुणी न सांगता करतो, ते आपण एका जीवापुरते अंगावर घेतलेले असते.

आणि हे काम दिसते तेवढे यांत्रिक नाही. फेस येईनासा झाला तर पहिला संशय हवेच्या नळीवर घ्यावा. तिच्या तोंडाशी मिठाचे खडे साचतात. थोडे कोमट गोडे पाणी ओढू दिले की ते विरघळतात. वाटीखालच्या गळ्यात तेलकट थर बसतो, त्यावर फेस फुटतो. तो दोन-तीन दिवसांनी पुसावाच लागतो. पंपाच्या चाकावर चुन्याची पुटे चढतात, त्यासाठी पंप उघडून तो भाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावा. केसांना तेल लावून तोच हात टाकीत घातला तरी फेस काही तास बसतो. नव्या यंत्राला तर रुळावयास कित्येक दिवस लागतात, आणि अधीर माणूस तेवढ्यात ते बिघडले असे ठरवून मोकळा होतो.

खरी परीक्षा असते ती फेस एकाएकी उफाळून वाटी वाहू लागते तेव्हा. पाण्यात घातलेले एखादे औषध त्याला कारण असेल, किंवा खालच्या टाकीतील पाण्याची पातळी वाढली असेल. पण दगडामागे एखादा मासा मरून कुजू लागला असेल, तरीही असेच घडते. यंत्रावर एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरविला की फेस खाली बसतो, फरशी कोरडी राहते, घरात कुरकुर होत नाही. यंत्र दुरुस्त झाले असे सर्वांना वाटते आणि दगडामागचा मासा तेथेच राहतो. बिघाड यंत्रात आहे, की यंत्र बिघाड सांगत आहे, हे आधी न विचारता स्क्रू फिरविणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय. हा दोष आम्हाला अज्ञानाहून अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात पाहण्याची संधी असूनही न पाहणे आहे.

स्किमर चोख ठेवला म्हणजे सर्व साधले, असेही नाही. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत पाण्यातील सेंद्रिय कार्बनापैकी साधारण वीस ते तीस टक्केच भाग स्किमर काढू शकतात असे आढळले. उरलेल्यासाठी जिवाणू आहेत, आणि ठरावीक दिवसांनी पाणी बदलणारे हात आहेत.

ग्रामीण भागात विजेचाही विचार करावा लागतो. वीज गेली की वरच्या टाकीतील पाणी खालच्या टाकीत उतरते. ती परतली की स्किमर त्या वाढलेल्या पाण्यात सुरू होतो, वाटीत फेसाऐवजी पाणी चढते आणि साठलेली सगळी घाण माशांकडे परत वाहून जाते. यावर उपाय आहे: मुख्य पंप आधी चालू होऊन पातळी उतरेपर्यंत स्किमर काही मिनिटे उशिरा सुरू होईल अशी व्यवस्था करावी, आणि अंधारात प्राणवायूसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवावा. हे सारे खर्चाचे आहे, आणि हौसेचा हिशेब मांडताना बहुधा यातले काहीच धरलेले नसते.

कोणी म्हणेल, काचेत मासा शत्रूपासून सुरक्षित असतो. विदूषक मासा टाकीत दहा वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. हे खरे आहे. परंतु समुद्रात त्याचे शत्रू पुष्कळ असले तरी त्याचा श्वास एका माणसाच्या विसराळूपणावर अवलंबून नव्हता. आपण त्याला धोक्यातून सोडविले नाही, आपणच त्याचा एकमेव धोका झालो. चांगली निगा हे त्याला पकडून आणल्याचे समर्थन आहे, असे आम्ही मानीत नाही. उलट, आणल्यानंतर निगा ही दया राहत नाही, ते देणे होते.

म्हणून ठेवावा का, याचे आमचे उत्तर सरसकट नकाराचे नसले तरी अटींचे आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांचा प्रश्नच नाही. २००१ सालापासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळखडकातून पकडलेला मासाही आणू नये. काही देशांत हे मासे सायनाइडने गुंगवून पकडले जात आले आहेत. विदूषक माशांची पैदास मात्र केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने आपल्याकडे यशस्वी केली आहे. पैदास केलेलीच जोडी घ्यावी. दुसरी अट घरातील आहे. टाकी मुलाच्या वाढदिवसाला येते, आणि सहा महिन्यांनी ती वाटी त्याची आई धुते. ज्याची हौस त्याच्याच हातात वाटी पुसण्याचे फडके असावे.

आणि कुटुंब चार दिवस लग्नाला किंवा गावच्या यात्रेला निघाले, तर घराची किल्ली कुणाजवळ राहणार आणि त्या माणसाला स्क्रूला हात लावण्यापूर्वी दगडामागे पाहावयास कुणी शिकविले आहे काय, हे पैसे मोजण्यापूर्वीच ठरवावे.