वाचनालयात मूल कधी आलं?

महाराष्ट्रातली जुनी वाचनालयं आपलं स्थापनेचं साल पाटीवर अभिमानानं मिरवतात. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. इंग्रज अधिकारी, सरदार, वकील, नोकरदार अशा मंडळींनी वर्गण्या गोळा करून ती उभी केली. तिथे वर्तमानपत्रं येत, वाद रंगत, सुधारणांचे बेत शिजत. मुलांना मात्र तिथे जागा नव्हती, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसावं. मुलानं शाळेत शिकायचं आणि मोठ्यांनी वाचनालयात वाचायचं, अशी सरळ वाटणी होती. १८७२ साली ‘बालबोधमेवा’ निघालं, १९०६ साली वा. गो. आपट्यांनी ‘आनंद’ सुरू केलं. म्हणजे मुलांनी वाचावं असा मजकूर छापून निघत होता. पण तो वर्गणी परवडणाऱ्यांच्याच घरी पोचायचा.

ही वाटणी मोडली ती बडोद्यात. तिथले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली भागात प्रयोग करून पाहिल्यावर १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. सक्तीनं शिकवता येतं, पण शाळा सुटून पोरगं शेतात गेलं आणि त्याच्या हाती पुस्तक पडलं नाही, तर दोन-चार वर्षांत त्याची अक्षरओळख पुसते. शाळांवरचा खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल, तर वाचनालय काढणं भाग होतं. वाचनालय ही हौस नसून शिक्षणाच्या खर्चाचाच पुढचा हप्ता आहे, हा हिशेब आपल्याकडे इतक्या रोखठोकपणे तोवर कुणी मांडला नव्हता.

सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि त्यात मुलांचा स्वतंत्र विभाग आला. तिथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवले होते, याचं मला सर्वांत अप्रूप वाटतं. मूल आधी खेळायला येईल, मग पुस्तकाकडे वळेल, हे ओळखायला त्या काळी धाडस लागत असणार. आजही वाचनालयांच्या कित्येक कार्यकारिणींना ते पेलत नाही. खेड्यांसाठी पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावाला वाचनालय हवं असेल तर खर्चाचा एक हिस्सा गावानं, एक प्रांत पंचायतीनं आणि एक सरकारनं द्यायचा. पैसे घातल्यामुळे वाचनालय गावाला आपलं वाटे.

पुढचा टप्पा कायद्यांचा. मद्रास प्रांतानं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या खटपटीमुळे १९४८ साली ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. आपण उपकर टाळला आणि लोकांनी चालवलेल्या संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग धरला. त्यातून आज हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत उभी आहेत. ही कमाई लहान नाही.

पण अनुदान वर्गावर ठरतं, आणि वर्ग ठरवताना मोजदाद होते ती पुस्तकांची, सभासदांची, नियतकालिकांची. तपासणीत दाखलनोंद रजिस्टर आणि कपाट यांचा मेळ बसला पाहिजे. पाच वर्षांच्या पोरीनं चित्रं पाहता पाहता पान फाडलं, तर रजिस्टरच्या लेखी ते नुकसान. मग तुटपुंज्या पगारावरचा ग्रंथपाल काय करील? कपाटाला कुलूप लावील. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बालविभाग कागदावर असतो, बहुधा एका कपाटापुरता; आणि त्याच्या वेळा म्हणजे मुलांच्या शाळेच्याच वेळा असतात. मूल मोकळं असतं तेव्हा नेमकं दार बंद!

बडोद्यात मूल हे वाचनालय काढण्याचं कारण होतं. आपल्याकडे ते एक विभाग होऊन राहिलं.

अलीकडे वाचनालयांत गर्दी दिसते ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची मुलं पहाटेपासून जागा धरून बसतात. जुन्या सभासदांना याचा राग येतो, मला येत नाही. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना दहावीच्या मुलीनं बसायचं कुठे? तिला दिवा, पंखा आणि शांतता देणं हे वाचनालयाचं कामच आहे. फक्त तेवढ्यावर भागत नाही. अभ्यासिकेत मूल दुसऱ्यानं नेमून दिलेलं वाचतं. आपल्या मनानं पुस्तक उचलायचं, दहा पानांवर कंटाळा आला तर परत ठेवायचं, दुसरं घ्यायचं, ही सवय लावणारी जागा शाळेत नसते, कारण तिथे पुस्तकाच्या मागे प्रश्नपत्रिका उभी असते. ती वाचनालयात मिळू शकते. शिवाय मूल वाचनालयात आलं की त्याला न्यायला आई येते, आजोबा येतात. दिवाळी अंकांपुरत्या उरलेल्या वाचनालयात पुन्हा गावाची ये-जा सुरू होते.

बडोद्याच्या फिरत्या पेटीची कल्पनाही मेलेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत विनायक रानडे यांनी पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचवल्या. पेटी दुबईला जाऊ शकते, तर शेजारच्या वाडीवर का नाही?

आपण एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल, तर येत्या सभेत एवढे दोनच विषय घ्या: बालविभाग संध्याकाळी पाच ते आठ उघडा ठेवणं, आणि दरवर्षी फाटणाऱ्या पुस्तकांसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरणं.