कर्त्याची सही

अमेरिकेत एखाद्या गृहस्थाने केवळ स्वतःच्या शिक्षणाकरिता अथवा विरंगुळ्याकरिता, निम्म्याहून अधिक काम स्वहस्ते करून, विमान बांधले, तर तेथील सरकार त्या एका विमानापुरती त्याला एक विलक्षण मुखत्यारी देऊ करते: दर बारा महिन्यांनी करावयाची तपासणी त्याने स्वतःच करावी आणि विमान निर्धोकपणे उडण्याच्या स्थितीत आहे अशी नोंद स्वतःच्या सहीने दप्तरात घालावी. त्याच सरकारचा प्रवासी विमानकंपन्यांना मात्र नेमका उलटा हुकूम आहे. ज्या कामात कसूर राहिली तर विमान धोक्यात येईल, ते काम ज्याने केले त्यानेच ते तपासता कामा नये. एका दरबारात कर्ता हाच साक्षी चालतो, दुसऱ्यात कर्त्याची साक्ष ग्राह्यच नाही. याचे कायदेशीर उत्तर सोपे आहे. तिकीट काढून बसलेला परका मनुष्य निराळा आणि 'हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे' अशी पाटी समोर वाचून बसलेला सोबती निराळा. परंतु कायद्याचा निकाल लागला म्हणून तत्त्वाचा लागत नाही. आपण केलेले काम नीट झाले आहे हे करणाऱ्याला कळते, ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न इंजिन किंवा पंख यांच्याविषयी विचारण्यापेक्षा एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या भागाविषयी विचारलेला बरा, कारण मोठ्या भागांपुढे भीतीच माणसाला सावध ठेवते. ओरेगॉन राज्यातील व्हॅन्स कंपनीच्या सुट्या भागांतून लोकांनी बांधलेल्या 'आरव्ही' जातीच्या अनेक विमानांचे चाकांचे पाय निमुळत्या पोलादी दांड्यांचे असतात. गोल दांडा हवेतून जाताना जितका विरोध ओढवून घेतो, त्याच्या एक-दशांशाच्या आसपास विरोध तितक्याच जाडीच्या मत्स्याकृती आकाराला होतो. म्हणून त्या दांड्याभोवती फायबरग्लासचे पातळ कवच, ज्याला फेअरिंग म्हणतात ते, बसवतात. मागच्या धारेला लांबलचक बिजागरी आणि तिच्यातून ओवलेली तार, वर दांड्याला आवळलेली धातूची पट्टी, आणि वरखाली जिथे कवच विमानाच्या पोटाला व चाकाच्या आवरणाला भेटते तिथे स्क्रूंनी धरलेले छोटे जोडतुकडे, एवढाच त्याचा संसार.

बिघाड होतो तो या जोडांत. पाय ही मुळात स्प्रिंग आहे. प्रत्येक उतरणीला, धावपट्टीवरच्या प्रत्येक उंचवट्याला, तो मागेपुढे व बाजूला लवतो, आणि कवच मात्र ताठ, जणू वेळूच्या काठीला काचेची नळी बांधावी. इंजिनाची अखंड थरथर त्यात भर घालते. हळूहळू स्क्रूंची भोके लांबोळी होतात, त्यांच्या कडेने केसासारख्या चिरा फुटतात. उतावळा दुरुस्तकार जाड स्क्रू घालून अधिक आवळतो, आणि चीर चार बोटे पुढे पुन्हा उगवते. जाणता माणूस रंग आणि जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत थर, खरवडून थेट काचेच्या कापडापर्यंत जातो, कडा उतरत्या घासतो, इपॉक्सीत भिजवलेल्या कापडाचे नवे थर चढवतो, ते पुरते कडक झाल्यावरच भोके पाडतो, आणि जोडतुकडा एकाच अंगाने पक्का करून दुसऱ्या अंगाला हलण्यापुरती फट ठेवतो. मग कवच वाऱ्याच्या ओघात सरळ आहे की नाही हेही नव्याने पाहावे लागते. ते किंचित पिळले तरी सुकाणूचे काम करू लागते, विमान एका कुशीने सरकत उडते, आणि वैमानिक बिचारा दोष भलतीकडेच शोधत बसतो.

आता ही दुरुस्ती घासून, रंगवून झाली की तिचा पृष्ठभाग मूक होतो. थर दोन की तीन, जुना जेलकोट खरोखरच निघाला होता की नाही, शेवटच्या थराला आला तेव्हा वाटीतला इपॉक्सी गरम होऊन आळू लागला होता की काय, यांतले काहीच बाहेरून दिसत नाही. आमच्या जुन्या शास्त्रकारांनी विमाने बांधली नाहीत (बांधली असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे), परंतु ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातूनच सिद्ध होते की बाहेरून, या वादात मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके जी झुंज दिली, ती या हँगरात जशीच्या तशी उभी राहते. कुमारिल भट्टांच्या पक्षाचे म्हणणे असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागतो म्हटले तर त्या दाखल्याला तिसरा लागेल आणि तपासनिसावर तपासनीस नेमता नेमता अनवस्था ओढवेल. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरूनच कळते, आणि मुख्यतः सफल प्रवृत्तीवरून: मृगजळ नव्हे, पाणीच होते, हे तहान भागल्यावर ठरते. जमिनीवर ही कसोटी उत्तम आहे. हवेत तिची अडचण अशी की प्रवृत्ती विफल झाली तर धडा घ्यायला विद्यार्थी उरेलच असे नाही.

मला या वादात मीमांसकांनी केलेला एक बारीक भेद फार मोलाचा वाटतो. स्वतःप्रमाण ज्ञानही दोन वाटांनी ढासळते, असे ते मानतात: एक, त्याला बाध आणणारे नंतरचे ज्ञान; दुसरी, ज्या कारणांतून ते उपजले त्या कारणांतील दोषाचे ज्ञान. बाधकज्ञान परक्यालाही होऊ शकते. किंबहुना त्यालाच लवकर होते, कारण जी चीर आपण रोज पाहून पाहून दिसेनाशी केलेली असते ती त्याला पहिल्या नजरेत दिसते. अमेरिकेतील हौशी विमानकारांच्या संघटनेने, जी 1953 साली स्थापन झाली, अनुभवी बांधणाऱ्यांना सल्लागार म्हणून इतरांच्या हँगरांत धाडण्याची प्रथा ठेवली आहे, आणि त्यांच्या हाती कसलाही सरकारी अधिकार नसतो ही तिची शोभाच आहे. परंतु कारणदोष जाणणारा एकटा कर्ता. वाटीतला इपॉक्सी आळला होता, हे त्याच्यावाचून जगात कोणाच्या दप्तरी नाही. कर्त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे समर्थन करायचे तर ते याच एका मुद्द्यावर करता येते. काम चांगले झाले ही त्याची ग्वाही फारशी किमतीची नाही. कुठे घाई झाली हे सांगण्याची त्याची पात्रता अमोल आहे.

एवढ्यावर थांबता आले असते, तर मामला नीटनेटका झाला असता. पण नैयायिकांनीच एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. अनोळखी विषयात माणूस प्रामाण्याची शहानिशा करतो. अभ्यासाच्या विषयात मात्र 'हे त्याच जातीचे आहे' एवढ्यावरून निःशंक होतो. आणि सराव झालेल्या हाताला दोष दोषासारखा दिसेनासा होतो.

स्टीव्ह विटमन हे अमेरिकेतील हौशी विमानबांधणीचे एक आद्य आचार्य. चाकांना पोलादी स्प्रिंगचे पाय ही त्यांचीच देणगी, सेसना कंपनीने ती उचलली, आणि आरव्हीच्या ज्या पायांभोवती आपले कवच बसते तेही त्याच कुळातले. ऑशकॉशच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे. 1995 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, ते पत्नीसह स्वतः बांधलेल्या विमानातून निघाले असता अलाबामात ते विमान हवेतच मोडले. सरकारी चौकशीत आढळले ते असे: पंखावरचे कापड ज्या रीतीने चिकटवले होते ती योग्य नव्हती, ते सुटले, आणि पंख व त्याच्या मागच्या धारेची हलती फळी, म्हणजे एलेरॉन, यांना अनावर फडफड सुटली.

कापड आपण कसे चिकटवले हे विटमनना ठाऊक होते. त्यांच्याइतके ते कोणालाच ठाऊक नव्हते. कारण त्यांना माहीत होते, पण ते कारण दोषयुक्त आहे हे त्यांच्या अभ्यस्त बुद्धीला वाटले नसावे, आणि रंगाखाली गेलेला जोड परक्या नजरेला दिसण्याजोगा नव्हता. मीमांसकांची दुसरी वाट अशी दोन्हीकडून बंद झाली. पहिल्या वाटेने बाधकज्ञान अखेर आले. ते तुकडे गोळा करणाऱ्या तपासनिसांना आले.