अध्यक्ष कोणीं निवडावा?

गांवचा सरपंच किंवा शहराचा नगराध्यक्ष सर्व मतदारांनीं थेट निवडावा, कीं मतदारांनीं सदस्य निवडावे व सदस्यांनीं आपल्यांतून एकास पुढारी करावें, हा प्रश्न महाराष्ट्रांत वारंवार उठला आहे. सन २०१७ मध्यें सरपंच थेट निवडण्याचा कायदा झाला, २०२० मध्यें तो रद्द झाला, आणि २०२२ मध्यें पुन्हां आला. नगराध्यक्षाच्या निवडीचीही २०१६ पासून अशीच उलटापालट झाली. राहात्याची नगरपरिषद व भोंवतालच्या ग्रामपंचायती ह्यांच्या हद्दींत राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांस हा प्रश्न परका नाहीं. नळाचें पाणी, घरकुल, दफनभूमीची वाट, हीं कामें ज्याच्या शब्दानें पुढें सरकतात किंवा अडतात, तो मनुष्य ह्याच रीतीनें ठरतो.

दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकणें न्यायाचें आहे. थेट निवडीचे कैवारी म्हणतात कीं, चार सदस्य फोडणें सोपें, सबंध गांव विकत घेणें कठीण. विरुद्ध पक्ष म्हणतो कीं, सरपंच एका गटाचा व सदस्य दुसऱ्या गटाचे झाले तर पांच वर्षें भांडणांत जातात. शिवाय ज्या समाजाचीं घरें थोडीं, त्याचा मनुष्य आपल्या वॉर्डांतून सदस्य होऊं शकेल, पण साऱ्या गांवाचीं मतें त्यास क्वचितच मिळतील. आपण थोड्या घरांचे लोक आहों. म्हणून हा दुसरा मुद्दा आपण विशेष ध्यानांत धरावा. दोन्ही म्हणण्यांत सत्य आहे. रीत सुधारणें अवश्य आहे. परंतु केवळ रीतीनें सर्व साधेल काय?

शास्त्यांच्या पुस्तकाचा नववा अध्याय ह्याचें उत्तर देतो. अबीमलेखानें शखेमकरांस दोन गोष्टींनीं वश केलें. आपण त्यांच्या नात्यागोत्याचे आहों असें त्यानें कळविलें, आणि देवळांतून मिळालेल्या रुप्याच्या सत्तर नाण्यांनीं रिकामटेकडे लोक हाताशीं धरिले. जात आणि पैसा! आजच्या निवडणुकींतलीं हत्यारें कांहीं नवीं नाहींत. तेव्हां योथामानें झाडांचा दृष्टांत सांगितला. जैतून, अंजीर व द्राक्षवेल ह्यांनीं राज्य नाकारिलें, आणि शेवटीं कांटेरी झुडूप राजा झालें. तेथें निवड करणारीं झाडें स्वतःच होतीं. तरी फळ हातीं आलें नाहीं, आगीची धमकी मात्र आली. दोष झुडपाचा खरा, पण फळझाडांसही विचारावें लागेल कीं, तुम्हीं अंग कां काढून घेतलें? “राजकारण घाणेरडें” असें म्हणून घरीं बसणाऱ्या सज्जनांनीं हा प्रश्न आपणांस विचारावा.

आतां दृष्टि विस्तृत करूं. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी आपल्याच जिल्ह्यांत, अहमदनगरच्या किल्ल्यांत, आणून ठेविले होते. त्यांत नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद व आपले शंकरराव देव होते. आदल्या दिवशीं मुंबईस जो “चले जाव”चा ठराव झाला, त्यांतच स्वतंत्र राष्ट्रांचा जागतिक संघ व्हावा अशी इच्छा प्रगट केली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पुढें १९४५ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला. त्याच्या आमसभेंत लहानमोठ्या प्रत्येक राष्ट्रास एक मत आहे. परंतु सुरक्षा परिषदेंत पांच कायम सभासदांपैकीं एकानेंही नकार दिला तर महत्त्वाचा ठराव अडतो. सरचिटणीसही त्या परिषदेच्या शिफारशीवांचून नेमतां येत नाहीं. गांवांतील मोठ्या वाड्यांचें जें वजन, तेंच येथें मोठ्या राष्ट्रांचें.

तर मग साऱ्या जगाचें एक सरकार व्हावें काय? पवित्र शास्त्रांत ह्याचीं दोन चित्रें आहेत. बाबेल येथें लोक एक झाले ते आपलें नांव करण्यासाठीं, आणि देवानें ती एकी मोडिली. यशयाच्या दुसऱ्या अध्यायांत राष्ट्रें आपण होऊन देवापाशीं न्याय व शिक्षण घेण्यास येतात, आणि तरवारींचे फाळ होतात. भेद विस्ताराचा नाहीं, हेतूचा आहे. बलवानासही बांधणारा न्याय जगास हवा. परंतु ज्यास कोणी जाब विचारूं शकत नाहीं असें सिंहासन साऱ्या पृथ्वीवर पसरलें, तर तें कांटेरी झुडपाचीच सावली होय.

ह्याची कसोटी कोणती? प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत ती सांपडते. रोजच्या वांटणींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार आली. प्रेषितांनीं सर्व मंडळीस सात पुरुष निवडण्यास सांगितलें, आणि त्या सातही जणांचीं नांवें ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हातीं वांटणी दिली असें दिसतें. बहुमतानें आपलें बळ दुर्बळाच्या रक्षणास लाविलें.

बंधुभगिनींनो, मंडळीचे पंच निवडतांना, सरपंच निवडतांना, आणि राष्ट्रसंघाच्या बातम्या वाचतांना एकच प्रश्न विचारा: गांवांतील सर्वांत दुबळें घर ह्या मनुष्याच्या दारीं जाऊन निर्भयपणें जाब विचारूं शकेल काय? उत्तर “होय” असेल तर तो आपल्या जातीचा नसला तरी त्यास मत द्या. आणि तसा मनुष्य आपल्या मंडळींतच असेल, तर त्यास घरीं बसूं देऊं नका.