तीर्थ आणि मंदावणारी चमक

नसरापूरच्या बनेश्वराला हातावर पडलेलं पळीभर तीर्थ कुणी निरखून बघत नाही. प्राशन करायचं, ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवायचा. असं पाणी तपासायला देणं ही अश्रद्धा ठरते का? मला तसं वाटत नाही. पाणी वस्त्रगाळ करून घ्यायची आपली रीत जुनी आहे आणि त्या फडक्याला कुणी नास्तिक म्हटलेलं नाही. मात्र विरघळलेलं शिसं फडक्यात अडकत नाही, जिभेलाही कळत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू यांच्या ज्या सच्छिद्र जाळ्यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ज्यांवर पुण्याच्या ‘आयसर’मध्येही काम चालतं, त्यांतल्या काही अतिनील किरणांत चमकतात. पाण्यातला धातू छिद्रात शिरून जाळीला चिकटला, की पुष्कळदा ही चमक मंदावते.

म्हणजे इथे उजेड गेल्यावरून धातू आहे, असं ठरवायचं. कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे एखादी गोष्ट न आढळणं, हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण तिने फार तर ‘चमक नाही’ एवढंच कळतं. ‘शिसं आहे’ हे पुढचं अनुमान. नैयायिक इथेच अडवतील, आणि त्यांचं बरोबर आहे: धुरावरून विस्तव सिद्ध होतो, विस्तवावरून धूर नाही, त्याला ओलं सरपण लागतं. चमक लोखंडानेही मंदावते, तांब्यानेही. वेल्ह्याच्या ओढ्याचं आषाढातलं तांबूस, गढूळ पाणी तर उजेड नुसता अडवूनही फसवेल. ज्या तांब्याच्या पंचपात्रातलं पाणी आपण शुद्ध मानतो, त्याचाच अंश जाळीला दोष वाटू शकतो. म्हणून एका चमकेवरून निवाडा देऊ नये, दुसऱ्या पद्धतीने पडताळावं. हेतूत व्यभिचार, म्हणजे अपवाद, दिसला म्हणून न्यायशास्त्राने अनुमान टाकून दिलं नाही, हेतू अधिक काटेकोर केला.

कुणी म्हणेल, पावित्र्य हे रसायन नव्हे. मान्य. भाटघरच्या जलाशयात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. एरवी ते पाण्याखाली असतं म्हणून त्याचं देवपण कमी होत नाही. पण देवळाचं दर्शन घेतात, तीर्थ पोटात जातं. दोन्ही हातांनी ते घेणाऱ्या लेकराच्या पोटाची जबाबदारी देणाऱ्यावर येते, आणि ती श्रद्धेच्या आतलीच आहे. चमक मंदावली तर तीर्थ अपवित्र झालं असं म्हणायचं कारण नाही. भांडं बदलावं, पाणी गढूळ असेल तर गाळून घ्यावं, पुन्हा तपासावं, आणि तोवर ते कुणाच्या हातावर घालू नये.