सावधानता हीही भक्तीच

यात्रेस निघालेला भाविक देवापुढे दिवा लावतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो आणि उंबरठा ओलांडताना 'येतो' असे म्हणतो. 'जातो' असे म्हणत नाही. दर्शन घेऊन सुखरूप घरी परतणे, हीच यात्रेची खरी सांगता होय.

हा शब्द सर्वांनाच पाळता आला नाही. दि. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मांढरदेवी येथे श्रीकाळूबाईच्या यात्रेत २९० हून अधिक भाविक प्राणांस मुकले. वाट अरुंद, चढ उभा आणि पायऱ्या फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या. काही जण घसरले. मागचा लोंढा थांबला नाही. त्यातच दुकानांना आग लागली. नारळ फोडणाऱ्याच्या मनात निर्मळ भक्तीच होती. परंतु त्या नारळाचे पाणी दुसऱ्या भक्ताच्या पायाखाली आले. व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व मोठे आहेच, तथापि प्रत्येक भाविकाचा वाटाही लहान नाही.

देह हे साधनेचे पहिले साधन. ते स्वतःचे जपावे, तसेच शेजाऱ्याचेही जपावे. पंढरीच्या वारीत लक्षावधी वारकरी दिंडीच्या ओळीत चालतात. चोपदाराने दंड उंचावताच टाळ-मृदंग शांत होतात. शिस्त ही भक्तीला अडसर नसून तिचा आधार आहे, हे त्यावरून उमगते.

यास्तव भाविकांनी पुढील पथ्ये पाळावीत. नारळ नेमून दिलेल्या जागीच फोडावा. करवंटी, केळीची साल, फुले पायरीवर टाकू नयेत. कठड्यावरून उडी मारून रांग मोडू नये. मुलांच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया व हृदयविकार असणाऱ्यांनी गर्दीचा दिवस टाळावा.

चेंगराचेंगरीत बहुतेकांचा प्राण जातो तो छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने. म्हणून रेटा वाढताच दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखावी. रेट्याच्या उलट न झगडता, तिरकस सरकत कडेला यावे. पडलेली चप्पल वा पिशवी उचलण्यास वाकू नये. कोणी पडल्यास 'थांबा' असे ओरडून मागच्यांना सावध करावे व त्यास हात देऊन उठवावे. तो हात म्हणजेच त्या दिवसाची पूजा.

दानशूर भक्तांनीही ध्यानी घ्यावे की, पायऱ्यांचा कठडा, वाटेवरील दिवा, पिण्याचे पाणी वा रुग्णांसाठी स्ट्रेचर यांकरिता दिलेले दान सुवर्णकलशाइतकेच देवास प्रिय असते.

गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे न घडले, तर कळसाचे दर्शन घेऊन हात जोडावेत. संतपरंपरेने तेही दर्शनच मानले आहे. देव आपले स्थान सोडून कोठे जात नाही. घरी मात्र कोणीतरी 'येतो' या शब्दावर विसंबून दाराकडे डोळे लावून बसलेले असते.

सर्वांची यात्रा निर्विघ्न घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥